कानातला क्रॉसओव्हर

माझा आवाज गेला ही गोष्ट सगळ्या राजारामपुरीला कळली, फक्त माझ्या नवऱ्याला कळली नाही. दूधवाल्याला कळली, खालच्या मजल्यावरच्या पोरांना कळली, भाजीवालीनं तर मॅडम, घशाला काहीतरी घ्या म्हणून आल्याचा तुकडा पिशवीत टाकला. आणि ज्याच्याबरोबर पस्तीस वर्षं संसार केला तो समोर बसून म्हणत होता, तुला काय धाड भरलीय, खणखणीत तर आहे आवाज. यात त्याची लबाडी नव्हती हे आधीच सांगून टाकते. त्याच्या कानात माझा आवाज खरोखरच खणखणीत होता.

मी वैजयंती इंगवले. कोल्हापुरातल्या मुलींच्या शाळेत जन्मभर पी.टी. शिकवली. संचलनाला माईक बंद पडला म्हणून माझं कधी अडलं नाही. मी 'सावधान' म्हटलं की कंपाउंडबाहेरचे रिक्षावालेसुद्धा ताठ बसतात, असं आमचा शिपाई सगळ्यांना सांगत असे. धैर्यशील माझा नवरा, कॉलेजच्या मैदानावरच भेटलेला. मी आठशे मीटर पळायची, तो थाळी फेकायचा. त्यामुळं लग्नानंतरही मी त्याला नावानं हाक मारत राहिले आणि सासूबाई शेवटपर्यंत तोंड वाकडं करत राहिल्या.

तो शिरोलीला फाउंड्रीत सुपरवायझर होता. निवृत्त झाल्यावर लोक देवदेव करतात, नाहीतर गुंठाभर जमीन घेऊन भेंडी लावतात. ह्यानं गच्चीवरची खोली बळकावली आणि स्पीकर बनवत बसला. बाजारात तेव्हा नखाएवढ्या चकत्या मिळायला लागल्या होत्या. भिंतीला चिकटवायच्या, की त्या खोली मोजून आपल्या आपण आवाज जुळवून घेतात. ते धैर्यशीलला पटायचं नाही. त्याला प्लायवूडचं खोकं, तांब्याची तार आणि सोल्डरचा धूर पाहिजे असे.

स्पीकरच्या खोक्यात दोन तोंडं असतात. मोठं तोंड म्हणजे वूफर, ते जाड आवाज काढतं. छोटं म्हणजे ट्वीटर, ते बारीक. मधे क्रॉसओव्हर नावाची एक पाटी असते, आणि खरी कलाकारी त्या पाटीत. धैर्यशीलनं मला ते आकृत्या काढून सांगितलं, पण मला कळलं ते माझ्या पद्धतीनं. शाळा सुटल्यावर पाचशे पोरी एकाच दारातून सोडल्या तर चेंगराचेंगरी होईल. म्हणून दारात उभं राहून सांगायचं, मोठ्या इकडून, बारक्या तिकडून. तारेचं वेटोळं, म्हणजे कॉईल, जाड आवाजाला वाट देतं. कपॅसिटर बारीक आवाजाला वाट देतो. ट्वीटर जास्तच किंचाळायला लागला तर त्याला दाबायला रेझिस्टर. मोठी कुठं संपली आणि बारकी कुठं सुरू झाली ती रेघ कुठं ओढायची, यावर हा माणूस महिनेच्या महिने घालवायचा. रेघ एवढीशी सरकली तरी त्याला कळायचं. आमच्या मित्रमंडळात त्याच्या कानाला मान होता.

मंडळ म्हणजे खरं तर एकटे इलाहीभाई. इलाही मुल्लाणी, धैर्यशीलचा फाउंड्रीतला जोडीदार. रविवारी दुपारी ते यायचे, सोबत कांदा-लसूण चटणी चोळून मुरवलेलं मटण. तेलाचं पिंप उभं कापून, उद्यमनगरात पाय वेल्ड करून त्यांनी आमच्या गच्चीवर बार्बेक्यू उभा केला होता. कोळशावर पांढरी राख धरल्याशिवाय ते एक तुकडा चढवू द्यायचे नाहीत. धूर आहे तोवर मांसाला हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. इकडं सळ्या फिरायच्या आणि तिकडं खोलीच्या दारातून धैर्यशीलचे नवे स्पीकर वाजायचे. आम्ही खात खात ऐकायचं आणि मग निकाल द्यायचा.

असाच एकदा त्यानं नवा जोड लावला आणि पहिल्याच ओळीला माझे दात आंबले. गाणारी बाई 'स' म्हणाली की कानात टाचणी घुसत होती. मी सरळ सांगितलं, ट्वीटर फार झालाय. तो म्हणाला, उलट कमीच आहे, अजून एक रेझिस्टर काढणार आहे. इलाहीभाई खाली मान घालून सळ्या फिरवत राहिले. माझ्या मनात शंका आली. मी आत जाऊन माझी पी.टी.ची शिट्टी आणली आणि त्याच्या पाठीमागं उभी राहून जीव खाऊन वाजवली. इलाहीभाईंच्या हातातला चिमटा पडला. समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. धैर्यशील कांदा सोलत बसला होता, तो सोलतच राहिला.

फाउंड्रीनं त्याचे बारीक आवाज खाल्ले होते. त्याला ऐकू येत नव्हतं म्हणून तो ट्वीटर चढवत चालला होता आणि आमचे कान फोडत होता. बिचाऱ्याचं तोंड इतकंसं झालं. मग त्यानं कानात मणी बसवून घेतला.

मणी म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे, आता घरोघरी झालाय. तेव्हा नवा होता. जुनी श्रवणयंत्रं आवाज नुसता मोठा करायची. पण कानाच्या आतल्या शंखातले सूक्ष्म केस एकदा मेले की आवाज कितीही मोठा करून उपयोग नसतो, घ्यायलाच कुणी उरलेलं नसतं. मणी तसं करत नाही. तो आधी स्वतः ऐकतो, हे काय असावं ते ओळखतो, आणि जे कानाला येणं शक्य नाही ते स्वतः तयार करून विजेच्या बारीक टिचक्यांनी थेट नसेला पोचवतो. त्यासाठी सुरुवातीला काही दिवस तो घरातली माणसं शिकून घेतो. प्रत्येकाच्या आवाजाचा एक ठसा करून ठेवतो. पुढं त्या माणसाचा आवाज गर्दीतून, पाठमोरा, तुटका कसाही आला तरी मणी तो ठशाशी जुळवतो आणि स्वच्छ करून देतो.

मणी बसवून आला त्या दिवशी धैर्यशील गच्चीवर नुसता बसून राहिला. कोळसा तडतडतो हे तो विसरून गेला होता. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की जो चर्र आवाज होतो तो ऐकायला त्यानं इलाहीभाईंना सळी तीनदा उचलायला लावली. मी त्याला हाक मारली आणि त्यानं माझ्याकडं असं बघितलं की पंचवीस वर्षांपूर्वी बघितलं असतं तर मी लाजले असते. म्हणाला, वैजू, तुझा आवाज किती छान आहे, मी विसरलोच होतो. मला काय, आनंद झाला. का होऊ नये?

त्यानंतर काही महिन्यांनी माझा घसा बसायला लागला. आधी सकाळी, मग दिवसभर. शाळेत इतकी वर्षं ओरडले, त्याचं हे भाडं, असं मी म्हणायची. इलाहीभाई दर रविवारी म्हणायचे, वहिनी, एकदा दाखवून घ्या. मग मी धैर्यशीलला विचारायची, आणि तो म्हणायचा, काही नाही झालेलं, मस्त आहे आवाज. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. ज्याला एक कपॅसिटर बदललेला दहा फुटांवरून कळतो त्याला बायकोचा आवाज बदललेला कळणार नाही होय? डॉक्टरपेक्षा मला त्याचा कान मोठा वाटला. वाटलं, माझंच काहीतरी मनाचं आहे.

मग तो रविवार आला. धैर्यशीलनं मणी लावल्यानंतर केलेला पहिला जोड. पॉलिश अजून ओलं होतं. त्यानं गाणं लावलं, डोळे मिटले आणि म्हणाला की असा स्वच्छ आवाज आपल्या हातून आजवर झाला नव्हता. तबल्याच्या काठावरचा टणत्कार ऐका, म्हणाला. घुंगरू ऐका. इलाहीभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं. आम्हाला घुंगरू सोडा, गाणं कुणीतरी गोधडीत गुंडाळून म्हणतंय असं वाटत होतं. मी उठून ट्वीटरला कान लावला. तो मुका होता. मागून खोकं उघडलं तर ट्वीटरची वायर सोल्डर न करता तशीच लोंबत होती.

धैर्यशील त्या वायरीकडं किती वेळ बघत बसला. जे घुंगरू खोक्यातून निघतच नव्हते ते त्यानं ऐकले होते. मण्यानं गाणं ओळखलं आणि घुंगरू स्वतःच्या पदरचे घातले. स्पीकर कसाही बनवला तरी त्याला तो उत्तमच वाटणार होता. त्याला आधी त्याचंच वाईट वाटलं. आता कशाला बनवायचं, म्हणाला, सगळंच सारखं. तेव्हा इलाहीभाईंनी सळ्या बाजूला ठेवल्या. हात पुसले. आणि अगदी हळू म्हणाले,

"धैर्या, मग वहिनींचा आवाज तुला कसा येतो?"

"कसा म्हणजे? नेहमीसारखा."

"वहिनींचा आवाज चार महिने झाले फुटलाय रे."

धैर्यशीलनं माझ्याकडं बघितलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, अरे एवढं काही नाही. ते त्याला खणखणीत ऐकू गेलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानं मणी काढला, खिशात टाकला आणि म्हणाला, पुन्हा बोल. मी बोलले. त्या फुटक्या, हवा गेलेल्या आवाजातलं त्याला काहीच ऐकू आलं नाही.

घशात गाठ निघाली. कोरगावकर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की जीव वाचेल, काळजी नको, पण एका बाजूचा स्वरतंतू काढावा लागेल. थोडं आधी आला असतात तर लेझरनं भागलं असतं, हेही त्या बोलल्या, रागावून नव्हे. धैर्यशील तिथंच जिन्यात बसला. घरी येऊन त्यानं मणी कपाटात टाकला आणि आता याला हात लावणार नाही म्हणाला. मीच त्याला परत लावायला लावला. हॉस्पिटलात डॉक्टर काय सांगतात, नर्स काय सांगते, हे ऐकायला मला धड कानाचा माणूस पाहिजे होता. नवऱ्याचं प्रायश्चित्त मला परवडणारं नव्हतं.

ऑपरेशननंतर आवाज म्हणून जे काही उरलं ते म्हणजे एक घोगरी फुसफुस. पहिल्या दिवशी नर्स माझ्या तोंडाला कान लावून दोनदा काय म्हणताय विचारत होती. तेवढ्यात पलंगाच्या पायथ्याशी उभा असलेला धैर्यशील म्हणाला, पाणी मागतेय ती. त्याला अगदी स्पष्ट ऐकू आलं होतं. त्या फुसफुशीतूनसुद्धा मण्याला माझा ठसा सापडत होता. मग हॉस्पिटलभर तोच माझा दुभाष्या झाला. घरी आल्यावरही तेच. दारावर कुणी आलं की मी फुसफुसायची आणि तो मोठ्यानं सांगायचा. सगळ्या जगाला माझ्याकडं वाकावं लागत होतं, एकट्या धैर्यशीलला नाही. त्याच्यापुरती मी कधी आजारी पडलेच नव्हते. खरं सांगते, सुरुवातीला मला ते आवडलं. पृथ्वीवर एका तरी जागी माझा आवाज शाबूत होता.

पण ठसा घेतला तेव्हा मी धडधाकट होते ना. आनंदात होते. पहिल्या तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी मी भाताचा कुकर लावत होते आणि एकदम मनात आलं. गाठ परत आली असली तर? मी ओट्याला टेकले आणि म्हणाले, धैर्यशील, मला भीती वाटते. तो पेपर वाचत होता. हसला. म्हणाला, आता आणि कुणाला घाबरवायला निघालीस?

त्याला काय ऐकू आलं असेल ते मला त्याच क्षणी कळलं. मैदानावरची इंगवले मॅडम, कंबरेवर हात, तोंडात शिट्टी, ती म्हणतेय मला भीती वाटते. कुणीही हसलं असतं. मी जाऊन त्याचा पेपर खाली केला. माझ्या डोळ्यांतलं पाणी बघून तो गडबडला.

"मी चेष्टा करत नव्हते," मी म्हणाले. "तू माझ्याशी बोलतच नाहीस. तू तिच्याशी बोलतोस."

तपासणी नीट निघाली. पण माझं वाक्य त्याच्या डोक्यातून जाईना. तो मण्याच्या सेंटरमध्ये गेला आणि तिथल्या बाईंना त्यानं आपल्या भाषेत विचारलं, यात क्रॉसओव्हर नाही का बसवता येत? जाड आवाज माझे कान अजून धड ऐकतात. तिथं मण्यानं लुडबूड करायची नाही. रेघेच्या वरचं, जे मला येतच नाही, तेवढंच त्यानं उचलून द्यावं, ओळखत बसू नये, मनाचं घालू नये. बाई म्हणाल्या, बसवता येतं, सोय आहे, फक्त कुणी मागत नाही, कारण ऐकायला फार ओबडधोबड लागतं. मण्याबरोबरच्या मोबाईलवर एक पट्टी सरकवायची, बस. पण एक लक्षात ठेवा, त्याआधी ठसे पुसावे लागतील. एकदा पुसले की गेले. पुढं कधी ठसा घेतलाच, तर तो आजच्या आवाजाचा होईल.

हे त्यानं मला येऊन सांगितलं. मी म्हणाले, कान तुझा, तू ठरव. जुना आवाज कुठं काढून ठेवावा तर ते शक्य नव्हतं, मण्यातला आवाज हवेत कधी येतच नाही, सरळ नसेत जातो. मोबाईलमध्ये माझी गॅदरिंगची भाषणं होती, संचलनाचे व्हिडिओ होते. पण त्यातली कुठलीच वैजयंती, धैर्या, चहा निवतोय, असं म्हणत नव्हती. ते फक्त त्याच्या कानात उरलं होतं.

मग त्यानं एक खुळेपणा सुरू केला. सकाळी उठला की विचारायचा, आज जेवायला काय? मी सांगायची आमटी. थोड्या वेळानं परत, काय म्हणालीस? अमक्याच्या लग्नाला कोण कोण आलं होतं ते सांग. तुझा तो नागपूरच्या स्पर्धेचा किस्सा सांग. ऐकलेलेच किस्से, डोळे मिटून ऐकायचा, आणि मध्ये बोलायचा नाही. आधी माझ्या लक्षात आलं नाही, मग आलं. तो निरोप घेत होता. मग मीही घसा दुखेपर्यंत सांगत राहिले. गच्चीवरच्या खोलीत धूळ साचली.

शेवटी एका रविवारी त्यानं इलाहीभाईंना बोलावलं. त्यांनी पिंप पेटवलं. धूर निघून गेला, कोळशावर राख धरली, सळ्या चढल्या. धैर्यशील मोबाईल हातात घेऊन खुर्चीच्या काठावर बसला होता. मी शेजारी कणसं सोलत होते.

"बोल काहीतरी," तो म्हणाला. "शेवटचं. म्हणजे, त्या आवाजातलं."

काय बोलायचं याचा मी रात्रंदिवस विचार केला होता, पण त्यातलं काही तोंडात येईना. मी कणसं खाली ठेवली. उठले, पाठ ताठ केली, गळ्यावरच्या व्रणावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाले, "सावधान."

इलाहीभाई चार पावलांवर होते, त्यांना काही ऐकू आलं नाही असं त्यांनी मला नंतर सांगितलं. धैर्यशील ताडकन उभा राहिला. टाचा जुळल्या, छाती पुढं, नजर समोर. साठी उलटलेला, पोट सुटलेला माणूस आमच्या गच्चीवर बार्बेक्यूच्या धगीत ताठ उभा, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. तसाच उभा राहून त्यानं मोबाईलवर अंगठा दाबला.

मणी थोडा वेळ बंद पडला. मग धैर्यशीलनं मला खूण केली आणि मी कवायतीचे आकडे म्हणायला लागले. एक, दोन, तीन, चार. तो पट्टी सरकवत होता. वर गेली, की मान हलवायचा, नाही. खाली आणायचा. माझे आकडे संपले की मी परत एकपासून सुरू करायची. स्पीकरसाठी रेघ शोधताना जसा कपाळाला आठ्या घालायचा तशाच आठ्या होत्या. मग एका जागी त्याचा अंगठा थांबला आणि आठ्या गेल्या. मी अजून आकडे मोजत होते. घोगरे, मधेच हवा निसटणारे, तीनला तर नुसतीच फुसफुस.

"असा आहे होय तुझा आवाज," तो म्हणाला.

मी मान डोलावली.

"आणि दुखतं, बोलताना."

ते मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्या जुन्या आवाजात पोचलं नसतं. आता त्यानं ते ऐकलं होतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

तो अजून सावधानमध्येच उभा होता. मी म्हणाले, विश्राम. त्याला कळलं नाही. चरबी निखाऱ्यावर चरचरत होती आणि त्यात माझा आवाज बुडून गेला. पूर्वी त्याला कळलं असतं. तो दोन पावलं पुढं आला, तसाच ताठ, आणि वाकून त्यानं कान माझ्या तोंडाशी आणला, जसा आता सगळं जग आणतं.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

"विश्राम."

तेव्हा कुठं त्यानं टाचा सैल सोडल्या, खुर्ची ओढून माझ्या खुर्चीला चिकटवली आणि बसला.